बिऱ्हाड, घरमालक आणि बदनाम कुत्रा

भाड्याचें घर शोधण्याचा प्रसंग ज्याच्यावर कधीं आला नाहीं, असा शहरवासी मनुष्य विरळाच. पुण्यामुंबईकडे तर या प्रसंगाला एखाद्या परीक्षेचें स्वरूप आलेलें आहे. किल्ल्यांचा जुडगा घेऊन दलाल पुढें चालतो, मागून उमेदवार जिने चढतात, आणि उंबरठ्यावरच घरमालकाची प्रश्नावली सुरू होते. नोकरी कोठें, माणसें किती, मूळ गांव कोणतें, मुक्काम किती दिवसांचा? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, घर पसंत पडलें, अनामत रकमेचा आंकडाही जुळला, म्हणजे अगदीं शेवटीं, जातां जातां विचारल्यासारखा, आणखी एक प्रश्न येतो : "घरांत कुत्रेंबित्रें नाहीं ना?"

असेंच एक कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. नागपुराहून पुण्यास बदली झालेला एक गृहस्थ, त्याची पत्नी, पांचवींत शिकणारी मुलगी आणि पांच वर्षांचा एक कुत्रा. मुलीनें त्याचें नांव मोती ठेविलें आहे. गृहस्थ प्रामाणिक असल्यामुळें "कुत्रा आहे" असें सांगून टाकतो. घरमालकाचा चेहरा थोडा उतरतो, पण संभाषण तुटत नाहीं. "कोणत्या जातीचा?" या पुढच्या प्रश्नाला "रॉटवायलर" असें उत्तर मिळतांच मात्र तें तुटतें. पहिल्या घरीं असें झालें, दुसऱ्या घरींही असेंच झालें. तिसऱ्या घरापर्यंत तर जाणेंच झालें नाहीं. दुसरा कोणताही कुत्रा असता तर मालकापाशीं शब्द टाकला असता, असें दलालानेंच टेलिफोनवर सांगून टाकलें. गंमत अशी, कीं तोंवर मोतीला यांपैकीं एकानेंही पाहिलेलें नव्हतें. निकाल नांव ऐकूनच लागत होता.

हा निकाल अन्यायाचा आहे असें मोतीच्या घरच्या माणसांस वाटावें, हें स्वाभाविक आहे. परंतु घरमालकाच्या म्हणण्यांत कांहींच तथ्य नाहीं असें समजणें, हाही अन्यायच होईल. जुलै २०२२ मध्यें लखनौ शहरांत एका वृद्ध स्त्रीचा घरच्याच पिटबुल कुत्र्याच्या हल्ल्यांत मृत्यु झाला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत गाझियाबादच्या महापालिकेनें पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो आर्जेंटिनो या तीन जातींचे कुत्रे पाळण्यास मनाई केली. ऑगस्ट २०२४ मध्यें गोव्यांत हणजूण येथें एका सात वर्षांच्या मुलाचा पिटबुलच्या हल्ल्यांत अंत झाला. अशा बातम्या ज्यानें वाचल्या आहेत, त्याच्या मनांत भीति उभी राहिली तर त्याला भित्रा म्हणतां येत नाहीं.

शिवाय घरमालकाला केवळ स्वतःपुरतें पाहून चालत नाहीं. इमारतीच्या जिन्यांत लहान मुलें खेळतात; पहाटे दूधवाला येतो, वर्तमानपत्रवाला येतो; धुणेंभांडीं करणारी बाई दिवसांतून दोन वेळां दारावर येते. एखादा छोटा पामेरियन चिडला तर पोटरीवर दांत उमटवील. पन्नास किलो वजनाचा रॉटवायलर चिडला तर मनुष्य जमिनीवर पडेल. दोघांचा स्वभाव एक असला तरी दोघांच्या हातून होणारी इजा एक नव्हे. आणि असें कांहीं घडलें, तर भाडेकरू घर सोडून जाईल, परंतु शेजाऱ्यांचे डोळे चुकवीत त्याच इमारतींत वावरण्याची पाळी मालकावर येईल. त्याची भीति अशी दुहेरी असते.

तेव्हां भीति खरी आहे. प्रश्न एवढाच, कीं ती ज्या नांवाला चिकटली आहे त्या नांवांतून नेमकें काय कळतें?

कुत्र्यांच्या जातींचीं नांवें पाहूं लागलें, म्हणजे त्यांत कुत्र्याच्या स्वभावापेक्षां माणसाच्या उद्योगांचाच इतिहास अधिक सांपडतो. दक्षिण जर्मनींत रॉटवाइल नांवाचें एक जुनें गांव आहे. तेथील खाटिक आणि गुरांचे व्यापारी जे धिप्पाड कुत्रे गुरें हांकण्यासाठीं आणि गाडे ओढण्यासाठीं बाळगीत, ते रॉटवायलर. पुढें गुरांची वाहतूक आगगाडीनें होऊं लागली, तेव्हां त्यांचें जुनें काम गेलें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं ते पोलिसांच्या नोकरींत शिरले. डोबरमन ही जात एकोणिसाव्या शतकांत आपोल्डा येथील लुई डोबरमन नांवाच्या कर गोळा करणाऱ्या इसमानें तयार केली. तिला आजही त्याचेंच नांव आहे.

पिटबुलचा इतिहास अधिक काळा आहे. बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडून मजा पाहण्याचा खेळ इंग्लंडांत पूर्वीं चालत असे. १८३५ च्या कायद्यानें तो बंद झाला. पण माणसांची हौस फिटली नव्हती. बंद जागेंत कुत्र्याशीं कुत्रा झुंजविणें लपूनछपून करतां येत असल्यामुळें ती हौस तिकडे वळली. ज्या खड्ड्यांत अशा झुंजी होत, त्याला इंग्रजींत 'पिट' म्हणत. तोच शब्द पुढें कुत्र्याच्या नांवांत कायमचा शिरला. म्हणजे या नांवावर जो रक्ताचा डाग दिसतो, तो मुळांत माणसाच्या हाताचा आहे.

उलट बाजूचें उदाहरणही मोठें बोलकें आहे. तोक्यो शहरांतील शिबुया स्टेशनावर हाचिको नांवाच्या कुत्र्याचा पुतळा आहे. त्याचा धनी विश्वविद्यालयांत प्राध्यापक होता. १९२५ सालीं तो अकस्मात् वारला. त्यानंतर १९३५ सालीं स्वतःला मरण येईपर्यंत हाचिको त्याची वाट पाहत स्टेशनावर येत राहिला. स्वामिनिष्ठेचें उदाहरण म्हणून जगभर त्याची कथा सांगतात. हा हाचिको 'अकिता' जातीचा होता. आणि भारत सरकारच्या एका खात्यानें २०२४ सालीं धोकादायक कुत्र्यांची जी यादी काढली, तींत अकिता या जातीचेंही नांव होतें!

शास्त्राचें म्हणणें काय, हेंही पाहण्यासारखें आहे. २०२२ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वागणुकीविषयीं त्यांच्या मालकांकडून माहिती गोळा केली, आणि त्यांतील दोन हजारांवर कुत्र्यांची आनुवंशिक तपासणी केली. निष्कर्ष असा निघाला, कीं कुत्र्याकुत्र्यांमध्यें वागणुकीचा जो फरक दिसतो, त्यांतील सुमारें ९ टक्के फरकाचाच उलगडा जातीवरून होतो. उरलेला भाग संगोपन, शिकवण, वय, सभोंवतालची परिस्थिति आणि प्रत्येक प्राण्याचा आपापला पिंड यांच्या वांट्यास जातो. अर्थात् यावरून जात अगदींच निरर्थक ठरते असें नव्हे. जबड्याची ताकद, अंगाचा भार, राखण करण्याची ओढ या गोष्टी वंशपरंपरेनें येतात, आणि त्या विसरणारा मालक स्वतःला फसवीत असतो. जातीवरून कुत्र्याच्या अंगीं काय बळ आहे तें कळतें. त्या बळाचा तो काय उपयोग करील, हें जातीवरून कळत नाहीं.

कायद्यानेंही या गुंत्यांत पुष्कळ येरझारा घातल्या आहेत. इंग्लंडांत १९९१ च्या कायद्यानें चार प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी आली, आणि २०२३ अखेरपासून 'एक्सएल बुली' या पांचव्या प्रकाराची तींत भर पडली. इटलीनें उलट मार्ग धरला. तेथें अशी यादी होती. २००९ मध्यें ती रद्द करून मालकाच्या जबाबदारीवर भर देण्यांत आला. अमेरिकेंतील डेन्व्हर शहरानें १९८९ पासून पिटबुलला मनाई केली होती. २०२० मध्यें मतदारांनीं कौल देऊन ती उठविली आणि तिच्या जागीं अटींसह परवाना आणला. आपल्याकडे १२ मार्च २०२४ रोजीं केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानें राज्यांना पत्र पाठविलें. २३ जातींच्या कुत्र्यांना परवाने देऊं नयेत आणि जे आधींच पाळलेले आहेत त्यांचें निर्बीजीकरण करावें, असा त्याचा आशय होता. ज्यांचा या गोष्टीशीं संबंध आहे त्यांचें म्हणणें न ऐकतां हें पत्र काढल्याचें कारण देऊन कर्नाटक उच्च न्यायालयानें एप्रिल २०२४ मध्यें तें रद्द केलें. मात्र सर्वांचा विचार घेऊन सरकारला नवें पाऊल टाकण्यास मोकळीक ठेविली. देशोदेशींचा हा इतिहास पाहिला, म्हणजे याद्या करणें सोपें आणि त्या टिकविणें कठीण, एवढें तरी ध्यानांत येतें.

आतां भाडेकरूकडे वळावें. येथें दोन गोष्टींची नेहमीं गल्लत होते. एक सोसायटीचा नियम आणि दुसरी घरमालकाची अट. भारतीय पशुकल्याण मंडळानें २०१५ मध्यें काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें रहिवाशांच्या संस्थेला कुत्रा पाळण्यास सरसकट बंदी करतां येत नाहीं. बहुमताचा ठराव असला तरी करतां येत नाहीं. लहान कुत्रा चालेल, मोठा चालणार नाहीं, असा भेदही तिला करतां येत नाहीं. केरळ उच्च न्यायालयानेंही २०२१ मध्यें, प्राणी पाळण्यास मनाई करणारे असले नियम बेकायदेशीर ठरविले. या सूचना हातीं आल्या, म्हणजे पुष्कळ भाडेकरूंना वाटतें, कीं लढाई जिंकली.

पण सोसायटीचें दार उघडलें तरी सदनिकेचें दार उघडतेंच असें नाहीं. मालक आणि भाडेकरू यांच्यांतील करार दोघांच्या राजीखुषीचा असतो. महाराष्ट्रांत १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणें असा करार लेखी करून नोंदवावा लागतो, मग तो अकराच महिन्यांचा कां असेना. आपलें घर कोणाला द्यावयाचें, हें ठरविण्याची मोकळीक व्यवहारांत मालकापाशीं राहते. आणि नकाराचें खरें कारण सांगण्याची सक्ति त्याच्यावर कोणी करीत नाहीं. "भाचा येणार आहे राहायला" एवढें म्हटलें कीं झालें. म्हणून कायद्याचें पुस्तक उघडून मालकाशीं भांडण्यानें घर मिळत नाहीं. तें त्याचा विश्वास मिळवूनच मिळतें.

दारें अशीं एकामागून एक बंद होऊं लागलीं, म्हणजे बिचाऱ्या भाडेकरूपुढें दोन वाईट वाटा उभ्या राहतात. पहिली लपविण्याची. करारांत कुत्र्याचा उल्लेखच करावयाचा नाहीं, किंवा "लॅब्राडॉरचा संकर आहे" असें खुशाल लिहून द्यावयाचें. पहिल्याच आठवड्यांत लिफ्टमध्यें शेजारी भेटतो आणि बिंग फुटतें. मग मालकाला कुत्र्याचा राग येवो न येवो, फसविलें गेल्याचा राग येतोच, आणि वर्षाच्या मध्यावर बिऱ्हाड हलविण्याची पाळी येते. दुर्दैवानें कुत्रा कोणास चावला, तर खोटें लिहिलेला कागदच मालकाच्या निष्काळजीपणाचा साक्षीदार होतो. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणें, आपल्या ताब्यांतील प्राण्यापासून दुसऱ्यास धोका पोहोंचूं नये म्हणून योग्य ती खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात.

दुसरी वाट याहून वाईट, आणि दुर्दैवानें तिच्यावरही माणसें चालतात. पांच वर्षें उशाशीं झोपलेला कुत्रा एके रात्रीं मोटारींत घालून शहराबाहेर सोडून द्यावयाचा. रस्त्यावर जन्मलेला कुत्रा रस्त्यावर जगण्याची विद्या जाणतो. घरांत वाढलेल्या रॉटवायलरला ती ठाऊक नसते. त्याच्या आकाराला लोक भितात, दगड मारतात, आणि उपाशी, भेदरलेला तो प्राणी खरोखरच धोकादायक होतो. उपासमारीनें वा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत जनावर सोडून देणें, हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हा आहे. पहिल्या अपराधास त्यांत दंड सांगितला आहे दहा ते पन्नास रुपयांचा! तेव्हां या बाबतींत माणसाला आवरणारी गोष्ट कायद्याचा धाक नसून स्वतःची लाज हीच होय.

तिसरी वाट लांबची आहे, पण सरळ आहे. ज्या कुत्र्याच्या जातीचें नांव वाईट, त्याच्या चांगुलपणाचा पुरावा धन्यानें स्वतः गोळा करावा. महापालिकेचा परवाना, रेबीज प्रतिबंधक लस टोंचल्याची नोंद असलेलें पुस्तक, निर्बीजीकरणाचा दाखला, कुत्र्याला ज्यानें शिकविलें त्या शिक्षकाचें पत्र आणि पूर्वीच्या घरमालकाच्या दोन ओळी, एवढे कागद एका पाकिटांत तयार असावेत. पूर्वीच्या मालकाच्या त्या दोन ओळींचें वजन बाकीच्या साऱ्या कागदांहून अधिक पडतें. म्हणून जुनें घर सोडतांना त्या मागून घ्यावयास विसरूं नये. घर पाहावयास जातांना कुत्र्याची गोष्ट शेवटीं न सांगतां पहिल्यानेंच सांगावी. त्यामुळें दोन चार दारें लवकर बंद होतील, पण जें उघडेल तें पुन्हां बंद होणार नाहीं. आणि मालकानें अटी घालण्यापूर्वीं आपणच त्या लिहून द्याव्या : जिन्यांत आणि लिफ्टमध्यें आखूड दोरी व मुसकें, कुत्रा दहा वर्षांच्या मुलाच्या हातीं कधींही बाहेर जाणार नाहीं, गच्चीवर किंवा गॅलरींत एकटा बांधून ठेवला जाणार नाहीं, घाण झाली तर धन्यानें स्वतः उचलावी, दारें, भिंती बिघडल्या तर भरपाई अनामत रकमेंतून व्हावी.

घरमालकानेंही आपल्या बाजूनें थोडें पुढें यावें. कुत्रा पाहिल्याशिवाय नाहीं म्हणूं नये. त्याच्यापेक्षां त्याच्या धन्याकडे अधिक बारकाईनें पाहावें. हांक मारतांच कुत्रा वळतो कीं नाहीं? दोरी हातीं घेणाऱ्याचा हात खंबीर आहे कीं कुत्राच त्याला ओढीत नेतो? एकटें असतांना कुत्रा किती तास राहतो, असा प्रश्न विचारला तर उत्तर सरळ येतें कीं गुळमुळीत? या तीन गोष्टींतून जें कळतें, तें जातीच्या नांवांतून कळत नाहीं. बेशिस्त धन्याचा साधा गांवठी कुत्राही इमारतीला तापदायक होतो, हें तर सर्वांच्या अनुभवाचें आहे.

एक कडू गोष्ट राहिली, तीही सांगणें भाग आहे. जो मनुष्य अजून स्वतःच्या घरांत राहत नाहीं, ज्याची नोकरी बदलीची आहे, त्यानें अशा जातीचें पिलूं आणण्यापूर्वीं दहा वर्षांचा हिशेब मांडावा. रॉटवायलर नऊदहा वर्षें जगतो. करार अकरा महिन्यांचा असतो. म्हणजे त्या एका प्राण्याच्या आयुष्यांत वरचा प्रश्न कितीदां तरी पुन्हां विचारला जाईल. पिलाच्या गोड तोंडाकडे पाहून हा हिशेब विसरणाऱ्यांमुळेंच पुढें दुसऱ्या वाटेवरून मोटारी जातात.

मोतीच्या घरच्यांना चौथें घर मिळालें. एका निवृत्त गृहस्थाच्या बंगलीचा वरचा मजला तो. कागदांचें पाकीट त्यांनीं उघडलेंसुद्धां नाहीं. "जात ऐकली. आतां कुत्रा पाहूं द्या," एवढेंच ते म्हणाले. अंगणांत मोतीला आणण्यांत आलें. मुलीनें "बस" म्हणतांच तो बसला, आणि दहा मिनिटें तसाच बसून राहिला. गृहस्थांच्या पत्नी मात्र दारांतून पुढें झाल्या नाहींत. "काकूंना भीति वाटते का हो आजोबा?" मुलीनें हळूच विचारलें. "वाटते ना, बाळ. आणि वाटली तर त्यांत गैर काय?" तेव्हां ठरलें, कीं जिना उतरतांना मोतीला मुसकें घालावयाचें, काकू जोंपर्यंत 'आतां नको' म्हणत नाहींत तोंपर्यंत. त्या कधीं म्हणतील, किंवा म्हणतील तरी कीं नाहीं, हें कोणीच विचारलें नाहीं. मुलीच्या वडिलांनीं ती अट स्वतःच्या हातानें कच्च्या खर्ड्यांत लिहिली.

करार नोंदवितांना राहणाऱ्यांच्या यादींत तीन माणसांच्या नांवांखालीं "कुत्रा, एक, जात रॉटवायलर" असें लिहिलेलें होतें. वृद्ध घरमालकांनीं चष्मा सांवरून तें वाचलें, आणि सहीपूर्वीं जातीच्या पुढें एक शब्द घालावयास सांगितला : "नांव मोती."